ऐकणाऱ्यांचे प्रश्न : रीमास्टर, मेंढपाळ आणि तीन मिनिटांचा ख्याल

प्रश्न : गाजलेल्या अल्बमची रीमास्टर (जुन्या ध्वनिमुद्रणावर नव्यानं संस्कार केलेली) आवृत्ती पहिल्यांदा ऐकतानाच सरस वाटते. ती खरंच चांगली असते का? (विश्रामबाग, सांगली)

बऱ्याचदा ती नुसती मोठी असते. डेसिबलभर फरक असला तरी मोठा आवाज कानाला ‘स्वच्छ’ वाटतो. म्हणून आधी पातळी सारखी करा. जुन्या सीडीची आणि नव्या आवृत्तीची फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दोन्हींना ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ लावा. तिथं आधीच भरलेला −२३ एलयूएफएस (जाणवणाऱ्या आवाजाचं माप) चालतो. इक्वलायझर बंद, हेडफोन वायरचा आणि दोन्ही वेळा तोच. तुकडा अर्ध्या मिनिटाचा पुरे, पण गाण्याचा नको. तबल्याची चाट (काठावरचा आघात) आणि डग्गा मोकळे ऐकू येतात तो घ्या. लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारी सोय) जास्त दाबला असेल तर ठोक्याचं टोक बोथट होतं, आणि आलेखातली शिखरं कातरल्यासारखी सपाट दिसतात. त्याच दाबामुळे तानपुरा आणि मींडेची (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची) शेपटी वर येते. नवी आवृत्ती भरदार वाटते ती यामुळेच.

सीडी हाताशी नसेल तर तुलनेच्या भानगडीत पडू नका. स्ट्रीमिंगवर अनेकदा जुन्याच नावाखाली रीमास्टर ठेवलेला असतो. स्पॉटिफायवर ऑडिओ नॉर्मलायझेशन मात्र चालू ठेवा. ते गाणी साधारण −१४ एलयूएफएसवर आणतं.

नव्या अल्बमलाही हेच लागू. मेटॅलिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला तेव्हा व्हिडिओ गेममधली तीच गाणी सीडीपेक्षा चांगली वाजतात, अशी ओरड चाहत्यांनीच केली. गेममधली कमी दाबलेली होती. गाणी तीच, चूक मास्टरिंगची, म्हणजे शेवटच्या ध्वनिसंस्काराची. मत देताना रचना आणि मास्टरिंग ही दोन खाती वेगळी ठेवा.

प्रश्न : ‘कॉल ऑफ द व्हॅली’ सगळ्यांना थोर वाटतो, मला पार्श्वसंगीत वाटतं. माझा कान कच्चा का? (सातारा)

नाही. पण ऐकलात कसा? १९६७ च्या या एलपीत मेंढपाळाचा एक दिवस रागांच्या क्रमानं मांडलाय : अहिर भैरव-नट भैरव, पिलू, तबकडी उलटली की भूप, देस, पहाडी. शफल लावलं की पहाट कुठली आणि रात्र कुठली! नंतरच्या सीडीत जादा तुकडे जोडलेत, तेव्हा पहाडीपाशी थांबा. फोनच्या स्पीकरवर तर नकोच, डग्गा गायब होतो.

एवढं करूनही विस्ताराची सवय असलेल्याला तो पातळच वाटेल, कारण सहा राग एका एलपीत बसवलेत. ‘पार्श्वसंगीत’ हा शब्द मला अगदीच गैर वाटत नाही. तरी शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी बाजूला ठेवून एक फेरी फक्त ब्रिजभूषण काब्रांच्या गिटारमागे कान लावा. तारेवर पट्टी सरकवून ते वाजवतात, त्यामुळे एका स्वरातून दुसऱ्यात जाताना पडदा आडवा येत नाही. तिथंही कंटाळा आला तर खुशाल नापसंत म्हणा.

प्रश्न : अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका चढ्या आणि घाईच्या वाटतात. वेग कमी करावा का? (मिरज)

घाई खरी आहे, ती वेग कमी करून जाणार नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत; मिरजेच्या उरुसात दर्ग्यापाशी तासभर ऐकता तो राग तेवढ्यात उरकायचा.

चढेपणाचं म्हणाल तर सगळ्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांवरच कोरल्या जात नसत, त्यामुळे थोडी शंका रास्त आहे. फाइलचा वेग ५.६ टक्के कमी केला की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो. मात्र वेग आणि सूर एकत्र बदलणारीच सोय वापरा. नुसता सूर उतरवलात तर चुकीची लय तशीच राहते. खाँसाहेबांचा आवाज मुळातच उंच पट्टीचा, म्हणून २ टक्क्यांनी सुरू करून हळूहळू उतरा. ‘आ’चा उच्चार ‘ओ’कडे झुकायला लागला की तुम्ही जास्त उतरवलंत.