पणजीतील जुन्या घरातला ‘लॉफ्ट’: विसार देण्याआधी छेद नकाशा पाहा

तुम्ही लिहिले आहे की पणजीच्या जुन्या भागात, शंभराहून अधिक वर्षांच्या एका दुमजली घराचे नूतनीकरण करून सहा सदनिका पाडल्या आहेत. त्यांतली सर्वांत वरची ‘लग्झरी लॉफ्ट’ म्हणून तुम्हाला दाखवली. खाली दिवाणखाना व स्वयंपाकघर, आणि लाकडी जिन्याने वर गेल्यावर कौलांखाली झोपण्याच्या दोन खोल्या आहेत. आणि या महिनाअखेर दहा टक्के विसार द्यायचा आहे. हे वाचून मला राहवले नाही. आठ वर्षांपूर्वी मी आणि माझ्या पत्नीने असेच घर घेतले, तेही असाच जिना आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या पाहून, आणि त्याची किंमत आम्ही अजून मोजत आहोत.

मालकी हक्काचा शोध, बोजा नसल्याचा दाखला, सिटी सर्व्हेचा फॉर्म डी (शहरातल्या जमिनीचा नोंदीचा उतारा), घरपट्टी या गोष्टी तुमचा वकील पाहीलच, म्हणून त्यांत मी शिरत नाही. मी वकील नाही आणि अभियंताही नाही. पुढे लिहितो ते एका घरमालकाच्या अनुभवावरून, आणि तुमच्या इमारतीची परिस्थिती वेगळी असू शकते हे लक्षात ठेवूनच ते वाचावे.

आमचा घात केला तो ‘लॉफ्ट’ या शब्दाने. न्यूयॉर्कच्या सोहो भागात कलावंत ज्या लॉफ्टमध्ये राहू लागले, त्या मुळात कारखाने आणि गोदामांच्या उंच छताच्या मोकळ्या जागा होत्या. तेथेही अशा जागांतले राहणे बराच काळ नियमबाह्य होते आणि १९८२ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. पणजीतली घरे गोदामे नव्हती. येथे चिरेबंदी भिंतींवर वासे आणि कौले चढवलेली असत, आणि आढ्याखालची पोकळी गरम हवा वर जाण्यासाठी व फार तर अडगळ ठेवण्यासाठी असे. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही ‘लॉफ्ट’ म्हणजे साठवणीचा पोटमाळा, जास्तीत जास्त १.५ मीटर उंचीचा. माहितीपत्रकात ज्या शब्दाचा अर्थ ‘ऐसपैस शयनगृह’ असा होतो, त्याच शब्दाचा मंजूर नकाशात अर्थ ‘सामान ठेवण्याची जागा’ असा होतो, हे आम्हाला पैसे दिल्यानंतर कळले.

आमची चूक नेमकी अशी झाली. विकसकाने नकाशाची जी प्रत दिली, ती केवळ तळनकाशाची होती. तीत वरच्या भागावर तुटक रेषांचा चौकोन आणि आत बारीक अक्षरांत ‘लॉफ्ट’ असे लिहिलेले होते. आम्हाला लॉफ्टच दाखवला होता, नकाशातही लॉफ्टच होता, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. छेद नकाशा, म्हणजे इमारत उभी कापून आतली उंची दाखवणारा नकाशा, मी मागितलाच नाही. साठेखत झाले आणि साठ टक्के रक्कम आम्ही आमच्या शिलकीतून दिली. उरलेल्या रकमेसाठी बँकेकडे गेलो तेव्हा त्यांचे मूल्यांकन करणारे गृहस्थ घर पाहायला आले. वर जाण्याआधी जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थांबून त्यांनी फायलीतून एक कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. ‘छेद अ-अ’ असे त्यावर लिहिले होते; छपराच्या उताराखाली एक आडवी रेषा होती आणि तिच्या शेजारी १.५० हा आकडा. मग वर जाऊन त्यांनी टेप धरली. आढ्याखाली २.६० मीटर, आणि जिथे आम्ही पलंग ठेवणार होतो त्या पाखाडीच्या, म्हणजे छपराच्या उताराच्या, टोकाला १.०५. याचा अर्थ नूतनीकरण करताना विकसकाने पोटमाळ्याची तक्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन, मंजुरीपेक्षा बरीच खाली घेतली होती आणि भोगवटा प्रमाणपत्र मात्र जुन्या नकाशावर मिळवले होते.

आम्हाला एकूण चटई क्षेत्र १२८ चौरस मीटर सांगितले होते, त्यांतले ५२ वरचे. बँकेने फक्त ७६ चौरस मीटरच हिशेबात धरले आणि कर्जाची रक्कम त्याप्रमाणे खाली आणली. करार मोडला तर दिलेल्या रकमेतला मोठा भाग जात होता, म्हणून फोंड्याजवळचा वडिलांनी ठेवलेला भूखंड विकून आम्ही उरलेले पैसे भरले. विकसकावर दावा लावावा असे वाटत होते, परंतु साठेखतात ‘लॉफ्टसह, मंजूर नकाशाप्रमाणे’ असे शब्द होते आणि त्यांतल्या शेवटच्या दोन शब्दांवर आमच्या वकिलांनी बोट ठेवले. माहितीपत्रकात झोपण्याची खोली म्हणून छापायचे आणि करारात मंजूर नकाशाचा आडोसा घ्यायचा, ही माझ्या मते सरळ फसवणूक आहे, आणि ती करणाऱ्याला कोणी विचारत नाही याचा मला आजही राग येतो.

पुढे वरचा भाग नियमित करून घेण्यासाठी आम्ही ज्या कार्यालयात अर्ज केला, तेथे चौदा महिने गेले. आधी इमारतीच्या मजबुतीचा दाखला मागितला. तो दिल्यावर रस्त्याच्या बाजूची छायाचित्रे, मग उरलेल्या सर्व सदनिकाधारकांची ना हरकत पत्रे, आणि ती गोळा होईपर्यंत मजबुतीचा दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना झाला म्हणून तो पुन्हा आणायला सांगितले. दर वेळी फाइल दुसऱ्या टेबलावर असे. शेवटी उत्तर आले ते तीन ओळींचे: राहण्याच्या खोलीला लागणारी उंची भरत नाही. उंची वाढवायची तर आढे वर घ्यावे लागेल, आणि संवर्धन क्षेत्रातल्या घराच्या छपराची मूळ रेषा बदलता येणार नाही. तक्तपोशी आणखी खाली घ्यायची तर खालच्या दिवाणखान्याची उंची आधीच २.८० मीटरवर, म्हणजे किमान मर्यादेच्या काठावर, आली होती. हे सारे छेद नकाशावर एकदा नजर टाकून पहिल्या दिवशी सांगता आले असते. नकाराबद्दल माझी तक्रार नाही, तो नियमाला धरूनच होता आणि पणजीची छपरे कोणी वाटेल तशी उचलू नयेत असेच मला वाटते. तक्रार आहे ती जो नकार अटळ होता त्यासाठी आम्हाला चौदा महिने हेलपाटे घालायला लावण्याबद्दल. आज वर पुस्तकांची खोकी, जादा अंथरुणे आणि चतुर्थीच्या माटोळीची (गणपतीवर फळे-पाने टांगण्याची) चौकट आहे, आणि आम्ही सगळे खालीच झोपतो.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की विसार देण्याआधी मंजूर नकाशाचा संपूर्ण संच, छेदांसह, मिळवावा आणि तो स्वतःच्या वास्तुविशारदाला त्या जागेत उभे राहून टेपने पडताळून पाहायला सांगावे. विकसकाचा वास्तुविशारद चालणार नाही. राहण्याच्या खोलीसाठी राष्ट्रीय संहितेत साधारण २.७५ मीटर उंची सांगितली आहे, आणि उतरत्या छपराखाली ती सरासरीने धरतात. गोव्याची स्वतःची बांधकाम नियमावली २०१० ची आहे, तिच्यातल्या तरतुदी तुमच्या वास्तुविशारदाने तुम्हाला वाचून दाखवाव्यात. विकसक टाळाटाळ करत असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली प्रमाणित प्रत मागता येते आणि ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयाला बंधनकारक असते. याचा अर्थ महिनाअखेरची मुदत तुम्हाला पाळता येणार नाही, आणि ती पाळूही नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एजंटने रेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या स्थावर संपदा कायद्याखालची) नोंदणी लागत नाही असे सांगितल्याचे तुम्ही लिहिले आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका ८ पेक्षा जास्त नसतील तर तशी सूट आहे, त्यामुळे तो खोटे बोलत असेल असे नाही. पण नोंदणीकृत प्रकल्पाचे मंजूर नकाशे संकेतस्थळावर पाहता येतात, ती सोय तुम्हाला येथे नाही. साठेखतात वरच्या खोल्यांचा उल्लेख ‘लॉफ्ट’ असा न करता ‘शयनगृह’ असा करायला सांगून पाहा. विकसक त्या शब्दाला तयार होतो की नाही, यावरून बरेच कळेल.

दोन गोष्टी थोडक्यात. जुन्या घराचे वारस बहुधा लिस्बनपासून मुंबईपर्यंत विखुरलेले असतात, आणि गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जात असल्याने प्रत्येक विवाहित वारसाच्या जोडीदाराचीही सही लागते. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेले आहे का, हे वकिलांना आवर्जून विचारा.

दुसरी गोष्ट छपराची. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात सर्वांत वरच्या सदनिकेवर छप्पर कोणाचे, हे करारात लिहिलेले हवे. आमच्या करारात ते नव्हते, त्यामुळे दर मे महिन्यात कौले परतण्याचा खर्च आम्ही एकट्यानेच करतो, कारण गळते ते आमच्या डोक्यावर. भिंतींना नव्याने सिमेंटचा गिलावा केला असेल तर तेही पाहून घ्या. चिऱ्यात मुरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून वाळते, सिमेंटखाली ती अडकते आणि दोन पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. दिवाणखान्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर आम्ही हे भोगले आणि शेवटी सगळे खरवडून चुना करून घेतला.

छेद नकाशा हाती आला की आढ्याखालची आणि पाखाडीच्या टोकाची अशा दोन्ही उंच्या येथे लिहा. माझ्या जवळ आमच्या नामंजुरीचे पत्र आणि त्याला जोडलेला सरासरी उंचीचा हिशेब आहे. तो तुमच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल.