एफडी मोडून अल्बम घ्यावेत का?

नाशिकच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. वय ३६, खासगी कंपनीत नोकरी, हातात महिना ६२,००० रुपये. घरात पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून एक रेकॉर्ड केली होती. तेव्हा तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. २०१० मध्ये एका डच लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, ती पुन्हा काढली आणि जगभर तिची चर्चा झाली. ती ऐकल्यापासून या वाचकांना न गाजलेले संगीत शोधण्याचा ध्यास लागला. आज बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावरून विकत घेतलेले ६४० डिजिटल अल्बम त्यांच्याकडे आहेत. गेल्या वर्षी त्यावर ५८,००० रुपये खर्च झाले, म्हणजे महिना साधारण ५,०००. आता चार छोट्या लेबलांचे सगळे अल्बम एकगठ्ठा घेतले तर मोठी सवलत मिळते आहे. ३९० अल्बम, ७२,००० रुपये. त्यासाठी १,८०,००० रुपयांची एफडी मोडू का, असे ते विचारतात. पत्नीचा विरोध आहे. यांचे म्हणणे, "संग्रह म्हणजे गुंतवणूकच ना? पुढे मुलीच्याच उपयोगी पडेल."

आधी उत्तर देतो: एफडी मोडू नका. पण छंदही बंद करू नका. तुमच्या पत्नींचे म्हणणे एफडीपुरते बरोबर आहे. छंदाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे.

संग्रह ही गुंतवणूक आहे का? पैशाच्या अर्थाने नाही. चरणजित सिंग यांची मूळ एलपी कुणाच्या माळ्यावर सापडली तर ती विकता येईल, कारण ती वस्तू आहे. तुमची फाइल तशी विकता येत नाही. वापरलेल्या डिजिटल गाण्यांची फेरविक्री करू पाहणाऱ्या रीडिजी या अमेरिकी कंपनीविरुद्ध २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल दिला आणि डिसेंबर २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम ठेवला. कारण असे की फाइल दुसऱ्याला देताना तिची नवी प्रत तयार होते आणि प्रत काढण्याचा हक्क खरेदीदाराकडे नसतो. म्हणजे तुमच्या ६४० अल्बमांची बाजारातली किंमत शून्य आहे. उद्या घरात अडचण आली तर त्यातला एकही अल्बम दवाखान्याचे बिल भरणार नाही. एफडी भरेल.

आता घराचा हिशोब पाहू. गृहकर्जाच्या हप्त्यासह तुमचा महिन्याचा घरखर्च ४२,५०० रुपये आहे. नोकरी गेली किंवा आजारपण आले तर सहा महिने निभावायला २,५५,००० रुपये हाताशी हवेत. तुमच्याकडे १,८०,००० आहेत, म्हणजे आताच ७५,००० कमी पडताहेत. तुम्ही एफडीतून काढू पाहता ती रक्कम जवळपास तेवढीच आहे. ती काढलीत तर उरलेल्या १,०८,००० रुपयांत जेमतेम अडीच महिने निघतील. शिवाय मुदतीआधी मोडली म्हणून व्याजात कपात होईल ती वेगळी.

आणि पत्रात टर्म इन्शुरन्सचा उल्लेखच नाही. डोक्यावर गृहकर्ज, घरात लहान मुलगी, आणि विमा नाही. मला सगळ्यात जास्त काळजी या गोष्टीची वाटली, अल्बमांची नाही. छत्तिशीत, तब्येत ठीक असताना, एक कोटीचे संरक्षण महिना हजार-दीड हजारात मिळू शकते. याच महिन्यात घ्या.

सवलतीकडे जरा बारकाईने पाहू. ३९० अल्बम ७२,००० ला, म्हणजे एक अल्बम १८५ रुपयांना. तुम्ही एरवी सरासरी ५०० देता, त्यामुळे हा भाव स्वस्त वाटतो. पण त्या ३९० पैकी तुम्ही एकेक करून किती घेतले असते? तुम्हीच लिहिले आहे की 'साठेक तरी नक्की'. साठ अल्बमांचे ५०० प्रमाणे ३०,००० होतात, तेही दोन वर्षांत विभागून. उरलेले ४२,००० तुम्ही न निवडलेल्या अल्बमांसाठी मोजणार आहात. तुम्ही असेही कबूल केले आहे की आहेत त्यातले जेमतेम एक तृतीयांश अल्बम नीट ऐकून झालेत. एक अल्बम पाऊण तासाचा धरला तर ६४० अल्बमांचे ४८० तास होतात. रोज एक तास ऐकलेत तरी दीड वर्षाच्या जवळपास जाते. त्यात आणखी २९० तासांची भर कशासाठी?

ऑफर निघून जाईल ही भीती मी समजू शकतो. पण बँडकॅम्पवर संपूर्ण संग्रहावरची सवलत लेबल स्वतः ठरवते आणि ती पुष्कळदा महिनोन्महिने पानावर असते. त्या खरेदीत पुढे येणारे अल्बम धरलेले नसतात, हेही लक्षात घ्या. चारपैकी जे लेबल तुम्हाला मनापासून आवडते, ज्याचा गठ्ठा १४,००० चा आहे, तेवढे एक घ्या. पण ते अल्बमांच्याच पैशांतून, पाच महिने साठवून.

आता छंदाच्या बाजूने बोलतो, कारण सल्लागार लोक हे बोलत नाहीत. महिना ५,००० रुपये पंधरा वर्षे दहा टक्क्यांनी वाढले तर पावणेएकवीस लाखांच्या आसपास होतात. हा आकडा दाखवून कुठलाही छंद बंद पाडता येतो, माणसाचे सगळे आयुष्यच त्या कोष्टकात बसवता येते. मला तो मार्ग पटत नाही. माझे वडील कोल्हापुरात सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांच्या खर्चाच्या वहीत दूध आणि वाणसामान यांच्यामध्ये 'गाणी' असा एक वेगळा रकाना असे. कधी सात रुपये, कधी काहीच नाही. पण रकाना दर महिन्याला आखलेला. ठेवींच्या पानावर मात्र त्यांनी रेकॉर्ड कधी लिहिली नाही. तुम्हालाही मी हेच सांगेन: हा खर्च आहे, चांगला खर्च आहे, आणि त्याला त्याच्या नावाने हक्काची जागा द्या.

चांगला का, तेही सांगतो. इथिओपियाचे कीबोर्डवादक हायलू मेर्गिया वॉशिंग्टनमध्ये टॅक्सी चालवत होते. त्यांची १९८५ ची कॅसेट एका छोट्या अमेरिकी लेबलने २०१३ मध्ये पुन्हा काढली आणि ते पुन्हा मंचावर वाजवू लागले. असे संगीत विकत घेणारी माणसे असतात म्हणून ही लेबले टिकतात. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेते, आणि पैसे चुकते करण्याचा खर्च वजा जाता सरासरी ८२ टक्के कलावंत किंवा लेबलकडे पोचतात, असे ते स्वतः सांगतात. 'बँडकॅम्प फ्रायडे' म्हणून ठरवलेल्या काही शुक्रवारी ते आपला वाटा सोडतात. ही प्रथा मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात सुरू झाली. त्या दिवशी तुम्हाला काही स्वस्त मिळत नाही, पण कलावंताच्या हातात जास्त पडते. म्हणून माझी सूचना अशी: एरवी भटकंती करा, टॅग चाळा, आवडलेला अल्बम आणखी कुणी घेतलाय त्यांचे संग्रह उघडून बघा, पण सापडेल ते विशलिस्टमध्ये टाका. खरेदी फक्त त्या शुक्रवारी. तारखा आधी जाहीर होतात. दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे मोजतात, त्यामुळे आपल्याकडे तो उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी साडेबारापासून आणि हिवाळ्यात दीडपासून शनिवारी त्याच वेळेपर्यंत चालतो. मधल्या दिवसांत विशलिस्टमधले निम्मे आपोआप गळतील. जे उरतील ते तुमचे.

रक्कम महिना ३,००० ठेवा. वर्षाचे ३६,००० होतात, त्यात सत्तर अल्बम येतात, म्हणजे पाच-सहा दिवसांना एक. नीट ऐकणाऱ्या माणसाला एवढे भरपूर आहेत. वाचलेल्या २,००० मधून विम्याचा हप्ता जाईल, उरलेले आणि दिवाळीचा बोनस एफडीच्या जोडीला ठेवा. दोन दिवाळ्यांत ७५,००० ची तूट भरून निघायला हवी. तुमची महिना ६,००० ची एसआयपी चालू आहे, तिला हात लावू नका. तूट भरली की अल्बमांचे पुन्हा ५,००० करा. मला त्यात काही वावगे वाटणार नाही.

एक छोटी बचत तुमच्या नजरेतून सुटली आहे. तुमचे कार्ड परकीय चलनाच्या व्यवहारावर साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेते, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. गेल्या वर्षीच्या ५८,००० मध्ये सव्वादोन हजारांच्या वर नुसते याचेच गेले. दोन टक्केवाले कार्ड घेतलेत तर हे निम्म्याच्या जवळ येते. वर्षाला दोन अल्बम त्यातच निघतात.

मुलीसाठी संग्रह ठेवायचा आहे ना? मग तो दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवून चालणार नाही. बँडकॅम्प २०२२ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेम कंपनीने घेतली, २०२३ मध्ये ती साँगट्रेडर या संगीत परवाने देणाऱ्या कंपनीकडे गेली आणि निम्म्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्याकडे फ्लिपकार्टचे फ्लाइट हे गाण्यांचे दुकान फेब्रुवारी २०१२ मध्ये उघडले आणि जून २०१३ मध्ये बंद झाले. ज्यांनी एमपीथ्री घरी उतरवून घेतली होती त्यांची गाणी आजही वाजतात. तुम्ही लिहिलेली महागडी स्टोरेजची व्यवस्था नको. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये, एक अल्बम साधारण ३०० एमबीचा धरला तर ६४० अल्बम २०० जीबीत बसतात. एक टीबीच्या दोन साध्या डिस्क घ्या, एक घरी, एक भावाकडे, आणि दर सहा महिन्यांनी दोन्ही लावून बघा. खात्याचा पासवर्ड पत्नीला माहीत असू द्या.

६४० पैकी किती अल्बम उतरवून घेतलेत, ते पत्रात नाही. या रविवारी तेवढे मोजा आणि राहिलेले उतरवायला घ्या.