‘सगळे म्हणतात अभिमान बाळग, मला तर राग येतो’

दुसऱ्याचा जीव वाचवताना एखादा गेला की त्याच्या घरच्यांनी दुःख कसं करायचं, हे बाहेरचेच ठरवून टाकतात. चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर ‘देवदूत’ लिहिलेलं असतं. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘तुम्हाला अभिमान वाटला पाहिजे’ असं सांगून जातो. मग काही महिन्यांनी त्याच घरातलं कुणीतरी समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसतं आणि दाराकडे एकदा बघून विचारतं, ‘मला राग येतो. मी वाईट आहे का?’

करोनाच्या साथीत गेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या घरच्यांकडून हा प्रश्न मी ऐकला होता. पण तो सगळ्यात स्पष्ट विचारला १०८च्या रुग्णवाहिकेवरच्या एका डॉक्टरांच्या पत्नीने. तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४ पासून आहे. गाडीवर एक डॉक्टर, बऱ्याचदा बीएएमएस किंवा बीएचएमएस, आणि एक चालक. चालकाला तिथे सगळे पायलट म्हणतात. त्या रात्री पाऊस होता. महामार्गावर एक कार दुभाजकावर आदळली होती. आतल्या माणसाला बाहेर काढून स्ट्रेचरवर घेत असताना मागून आलेल्या कंटेनरने डॉक्टरांना उडवलं. स्ट्रेचरवरचा माणूस वाचला.

तेराव्याला तो बायको-मुलीसह घरी आला आणि हिच्या पाया पडला. ‘मॅडम, त्याची मुलगी त्याला चिकटून उभी होती. माझ्या मनात आलं, हा कशाला वाचला? आणि मग मला माझीच किळस आली.’

मी तिला ‘असं वाटणं चूक आहे’ म्हटलं नाही, ‘स्वाभाविक आहे’ असंही लगेच म्हटलं नाही. हा शब्द आम्ही समुपदेशक फार सढळ हाताने वाटतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आपलं बोलणं उरकलं. मी एवढंच विचारलं, ‘त्याच्यानंतर आणखी कुणाचा राग येतो?’ यादी लांब निघाली. कंटेनरवाला. त्या आठवड्यात ड्युटी बदलून घेणारा सहकारी. फ्लेक्स लावणारे. वर्तमानपत्रांतली कात्रणं फाइलमध्ये लावत बसणारे सासरे. सर्वांत शेवटी, बराच वेळ थांबून, नवऱ्याचं नाव आलं.

‘जागा सुरक्षित आहे का ते आधी बघायचं, मगच पेशंटला हात लावायचा. हे तोच आमच्या सोसायटीत सगळ्यांना शिकवायचा. मग स्वतः का नाही बघितलं? ते चमकणारं जॅकेट घालायला किती वेळ लागतो?’

जॅकेट घातलं नव्हतं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. कुणी सांगितलं, असं विचारलं तर कुणीच नाही. मी म्हटलं, तुम्हाला झेपेल तेव्हा पायलटला विचारा. तिने विचारलं. तो म्हणाला, ‘वहिनी, जॅकेट अंगावर होतं. गाडी आडवी लावली होती, दिवे चालू होते. मागच्या गाड्यांना इशारा म्हणून प्लास्टिकचे कोन ठेवायला मी मागे गेलो होतो.’

त्यानंतरचे काही आठवडे तिचे फार वाईट गेले. सासरच्यांना वाटलं, या बाईंकडे जायला लागल्यापासून बिघडली. पण राग धरून ठेवायला कुणाची तरी चूक लागते. त्याने जॅकेट घातलं असतं तर तो वाचला असता, या समजुतीत निदान तो वाचू शकला असता एवढी जागा होती. तीही गेली. सगळं नियमाप्रमाणे करून माणूस गेला, हे पचवणं चुकीवर रागावण्यापेक्षा कठीण असतं. ती खरं रडायला लागली ती तेव्हापासून.

पुढच्या भेटींमध्ये मी ‘देवदूत’ बाजूला ठेवायला सांगितलं. तो घरी कसा होता? चहात तीन चमचे साखर घ्यायचा. नाइट करून आला की ओला टॉवेल गादीवर टाकून झोपायचा. मुलाच्या शाळेच्या एकाही मीटिंगला वेळेवर पोचला नव्हता. ते सांगताना ती हसली आणि लगेच ओशाळली. देवदूताबद्दल तक्रार करता येत नाही, आणि जिच्याबद्दल तक्रार करता येत नाही अशा व्यक्तीसाठी मोकळेपणाने रडताही येत नाही, हे माझं मत अशा घरांमुळेच बनलं आहे. समोर रिकामी खुर्ची ठेवून मी तिला त्याच्याशी बोलायला लावलं. काय बोलली ते तिचं तिच्याकडेच राहू दे. ‘मूर्खा’ने सुरुवात झाली, एवढं सांगते.

मधल्या काळात कागदपत्रं होतीच. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करायचा, की कामावर असताना मृत्यू म्हणून नुकसानभरपाई मागायची? यातला एकच रस्ता निवडता येतो, म्हणून वकिलाला लवकर गाठलेलं बरं. एक दिवस ती झपाट्याने फॉर्म भरायची, दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठायची नाही आणि ‘मी नाटकी आहे का’ असं विचारायची. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये नेमकं हेच मांडलं: शोकात माणूस गेलेल्याकडे आणि पुढच्या जगण्याकडे आळीपाळीने वळतो, आणि ही ये-जा हवीच. काळजी वाटायला हवी ती ही ये-जा पूर्ण थांबली तर. सहा महिने उलटूनही दिवसचे दिवस तीच तीव्र ओढ, घर-नोकरी ठप्प, किंवा जगणंच नको वाटणं, असं असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. शेवटची गोष्ट असेल तर सहा महिने थांबूच नका; १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

सात वर्षांच्या मुलाने विचारलं होतं, ‘बाबांनी त्या काकांना वाचवलं, मग बाबांना कुणी का नाही वाचवलं?’ नातेवाइकांनी ‘देवाला चांगली माणसं आवडतात’ असं सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून तो मुद्दाम खोड्या काढत होता. चांगलं असणं त्याला धोक्याचं वाटायला लागलं होतं. आईने त्याला सरळ सांगितलं: पायलटकाकांनी खूप प्रयत्न केले, पण बाबांना लागलेला मार फार मोठा होता.

वाचलेला माणूस अजून सणासुदीला मेसेज करतो, ‘ताई, काही लागलं तर सांगा.’ त्याला भेटायचंच असं मी कधी सुचवलं नाही. तिने त्याला कळवलं, ‘तुमच्यावर राग नाही, पण सध्या भेटायला जमणार नाही.’ पहिला अर्धा भाग पूर्ण खरा नाही, असं ती मला म्हणाली. चालेल, मी म्हटलं.

वर्षश्राद्धाला गावकरी सत्कार करणार आहेत. ती जाणार आहे, भाषण करणार नाही, आणि मानपत्रातून ‘देवदूत’ काढून तिथे त्याची पदवी लिहायला तिने सांगितलंय. सासऱ्यांना ते मुळीच पटलेलं नाही. पुढच्या भेटीला त्यांनाही घेऊन या, असं मी तिला म्हटलं आहे. कात्रणांची फाइल बरोबर आणणार असतील तरच येतो, असा त्यांचा निरोप आहे.