आजीच्या पेटीत निळ्या मीन्याचं सोन्याचं लॉकेट सापडलंय, त्यावर स्वतःचीच शेपूट तोंडात धरलेला साप आहे. आम्ही सांगलीचे. सासूबाई म्हणतात, अपशकुनी आहे, मोडून टाका. काय करावं?

मोडू नका. आणि हे तुम्हाला गलाईवाल्याच्या घरातला माणूस सांगतोय. आम्ही मूळचे विट्याजवळचे. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, तसे वडील तमिळनाडूत गेले. लोकांचे दागिने वितळवूनच आमचं घर चाललं.

आधी अपशकुनाचं बघू. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेलं बत्तीस शिराळा ज्या जिल्ह्यात आहे तिथं राहून सापाला अपशकुनी म्हणायचं म्हणजे कमाल झाली! शेपूट तोंडात धरलेल्या सापाला सुरुवात नाही आणि शेवटही नाही, म्हणून विलायतेत तो न संपणाऱ्या प्रेमाची खूण. १८३९ साली अल्बर्टनं राणी व्हिक्टोरियाला साखरपुड्याची अंगठी दिली ती सापाचीच होती, डोक्यात पाचू बसवलेला. मग तिकडे सापाच्या दागिन्यांची टूमच निघाली. पण सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत. अशाच घडणीचं लॉकेट काळ्या मीन्यात असेल तर ते बहुधा गेलेल्या माणसाच्या आठवणीचं, आणि पांढरा मीना असेल तर पुष्कळदा लहान मूल किंवा लग्नाआधीच गेलेली मुलगी. निळा मात्र प्रेमाच्या भेटींवर भरपूर दिसतो.

तरीही मागची बाजू नखानं हळूच चाचपून बघा. तिथं बारीक बिजागरी किंवा काच असू शकते. हे का सांगतोय ते ऐका. मी दहावीत असताना दुकानात एकानं असंच एक लॉकेट आणलं होतं. घाईत होता, टंच (सोन्याची शुद्धता) काढा आणि पैसे द्या म्हणाला. वडिलांनी ते तसंच मुशीत टाकलं. सोनं लाल व्हायच्या आधीच भट्टीतून जळक्या केसांचा वास आला. आत कुणाची तरी बट होती आणि ते लॉकेट कुणी उघडूनच पाहिलं नव्हतं. मग मीना वितळून काळपट मळीसारखा वर तरंगला. वडिलांनी सवागी (टाकणखार) टाकून तो गोळा केला, सळईनं ओढून बाजूला झटकला. गिऱ्हाईक पैसे मोजत होतं. वडील त्या दिवशी जेवताना काही बोलले नाहीत.

हिशेबानं बघितलं तरी मोडण्यात तोटाच आहे. मीना म्हणजे रंगीत काचेची पूड, साधारण ८०० अंशांवर सोन्यावर भाजून बसवलेली. निळा रंग कोबाल्टचा. सराफ त्याचं वजन कापणार, काचेचं कापणार, डाखाची, म्हणजे जोडायला वापरलेल्या धातूची, घट लावणार. सोनंही आपल्यासारखं २२ कॅरेट असेलच असं नाही. इंग्लंडात १८५४ पासून १५, १२ आणि ९ कॅरेटलाही मान्यता होती, त्यातलं १५ आणि १२ हे १९३२ साली बंद झालं. म्हणून कडीवर किंवा आतल्या कडेला '१५' आणि '.६२५' असा ठसा दिसला तर ते त्याच्या आधीचं. ठसा नसेल तर लगेच खोटं समजू नका, लहान वस्तूंवर तो कित्येकदा नसतो. 'हॉलमार्क नाही' म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्याला सांगा, आपल्याकडे सोन्याचा हॉलमार्क २००० साली आला, आजीच्या आजीनं तो कुठून आणायचा?

कस बघायचा तर कसोटीवर घासू देऊ नका, मशीनवर कॅरेट बघून घ्या. मशीन वरचाच थर वाचतं, त्यामुळे मुलामा असेल तर फसतं. कडी जिथं झिजलीय तिथं धरायला सांगा. पॉलिश नको, रिठ्याच्या उकळत्या पाण्यात तर अजिबात नको. सोनं आणि काच एकसारखे आकसत नाहीत, मीन्याला तडा जातो आणि टवका उडाला की तसा बसवणारा कारीगर आपल्या भागात शोधून सापडत नाही. कडी तुटली असेल तरी सोनाराला तिथं डाख लावू देऊ नका. मऊ सुती फडकं पुरे.

परदेशात विकायचा कुणी सल्ला दिला तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लक्षात ठेवा. १०० वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही.

मागचं झाकण उघडलं तर फोटो टाका. आत केस असतील तर त्यांना हात लावू नका, आहेत तसे राहू द्या.