वीस वर्षे जुन्या रायडिंग मोवरचे इंजिन अजून किती चालेल, हे कसे ओळखावे?

ओहायोत घेतलेल्या घराबरोबर आपल्याकडे दीड एकर गवत आले आहे, शेजारी त्याचा जुना रायडिंग मोवर (बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र) विकतो आहे, त्याला ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे साडेसतरा हॉर्सपॉवरचे एक सिलिंडरी इंजिन आहे आणि मीटर ६४० तास दाखवतो, तर ते घ्यावे का, असे आपण विचारले आहे. अशी इंजिने मी बरीच वर्षे इथे अमेरिकेतच उघडत आलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तासांचा आकडा खोटा वाटत नाही. तिथे एप्रिल ते ऑक्टोबर गवत कापावे लागते, वर्षाला तीसेक तास धरले तर वीस वर्षांत सहाशेच्या आसपास होतात. घरगुती वापराची एक सिलिंडरी, हवेने थंड होणारी इंजिने साधारण ५०० ते १,००० तास चालतात. म्हणजे या आकड्यावरून इंजिन संपत आले आहे असेही म्हणता येत नाही आणि भरपूर उरले आहे असेही नाही. माझ्या मते खरा निर्णय त्या इंजिनाने आजवर कशी हवा ओढली, यावर होतो.

म्हणून सर्वांत आधी एअर फिल्टरचे झाकण उघडावे. फिल्टर कोरा करकरीत असला तरी त्यावर भाळू नये, कारण तो विकण्यापुरता कालच बसवलेला असू शकतो. फिल्टर काढून त्याच्या मागे, कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडाशी, पांढरे फडके फिरवावे. फडक्याला बारीक, बोटांना खरखरीत लागणारी माती आली, तर फिल्टर नीट न बसल्याने धूळ आत जात होती हे उघड आहे. ही धूळ सिलिंडरच्या भिंतीवरच्या ऑइलमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखी रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) आणि बोअर (सिलिंडरचा आतला पृष्ठभाग) घासत राहते. असे इंजिन कितीही गोड आवाजात चालत असले, तरी मी ते घेणार नाही.

त्यानंतर इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे, आपण पोहोचण्याआधी ते चालवून ठेवू नये असे शेजाऱ्यांना आधीच सांगावे. सुरू होताना क्षणभर निळा धूर आला आणि थांबला, तर व्हॉल्व्ह गाइडची (व्हॉल्व्हची दांडी जिच्यातून सरकते त्या नळीची) थोडी झीज असेल, तिची फार काळजी नको. पाती चालू करून लोड दिल्यावरही धूर येतच राहिला, तर मात्र इंजिन ऑइल जाळते आहे. इथे लोक लगेच रिंगांवर खापर फोडतात आणि हे मला फार खटकते, कारण या प्रकारच्या इंजिनांत हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधले सील) बहुधा सिलिंडर आणि पुशरॉडची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची, पोकळी यांच्या मधल्या अरुंद पट्टीवर जळते. मग ज्वलनाचा दाब क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या पेटीत) शिरतो, ब्रीदर (तिथला दाब बाहेर सोडणारा भाग) ऑइल बाहेर मारू लागतो, ते ऑइल कार्बोरेटरवाटे जळते आणि लक्षणे हुबेहूब रिंगा गेल्यासारखी दिसतात. एका स्वस्त गॅस्केटपायी चांगली इंजिने भंगारात गेलेली मी पाहिली आहेत. हेड उतरवून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. हेड उतरलेच आहे तर बोअरही पाहून घ्यावे: होनिंगच्या (कारखान्यात बोअर घासताना मुद्दाम पाडलेल्या) तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा अजून दिसत असतील तर झीज कमी आहे, उभे ओरखडे नखाला लागत असतील तर बोअर गेले.

सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन गेजवर मात्र विसंबू नये. सुरू करणे सोपे जावे म्हणून यात कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या दांड्यावर) कॉम्प्रेशन रिलीज असतो, तो स्टार्टरने फिरवताना व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो, त्यामुळे धडधाकट इंजिनाचेही रीडिंग कमी येते. त्याऐवजी लीक-डाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती टक्के गळते ते गेजवर पाहणे, करावी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक) पक्के धरून, प्लगच्या जागेतून हवा भरावी आणि कान द्यावा. कार्बोरेटरमध्ये फुसफुस ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट, आणि डिपस्टिकच्या नळीत आली तर रिंगा किंवा तेच हेड गॅस्केट. गळती १५ टक्क्यांच्या आत असेल तर समाधान मानावे.

स्टार्टर अर्धा फेरा मारून अडत असेल, तर ती बहुतेक वेळा झीज नसून टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हजवळ ठेवायची फट, बिघडलेले असते, त्यामुळे कॉम्प्रेशन रिलीज काम करत नाही. इंजिन थंड असताना ही फट इनटेकला ०.००३ ते ०.००५ इंच आणि एक्झॉस्टला ०.००५ ते ०.००७ इंच ठेवली की ते सुटते, आणि या दोषामुळे किंमत पाडून मागता येते.

शेवटी इंजिन बंद असताना खालची पुली धरून आडवी हलवावी. शाफ्टला टक-टक असा प्ले (सैलपणा) लागला, तर बेअरिंगची जागाच झिजली आहे आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च जुन्या मोवरला परवडत नाही. डिपस्टिकचा वासही घ्यावा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी खुणेच्या वर असेल, तर कार्बोरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळते आहे. अशा पातळ ऑइलवर ते किती दिवस चालवले, हे शेजाऱ्यांना स्पष्ट विचारावे. कार्बोरेटरचे तोंड स्वच्छ, लोडवर धूर नाही आणि शाफ्टला प्ले नाही, एवढे जमले तर हे इंजिन ९०० तासांचे असते तरी मी घेतले असते. घेतल्यावर ऑइल बदलून पहिले काही आठवडे प्रत्येक कापणीआधी पातळी पाहावी, कारण ते किती ऑइल खाते हे दुसऱ्या कुठल्याही चाचणीत इतके नेमके कळत नाही.