ब्राह्मी घेण्याआधी एवढं बघा

स्मरणशक्तीसाठी ब्राह्मी घेणार असाल तर पहिली गोष्ट, आठ दिवसांत फरक शोधू नका. ब्राह्मीवरच्या बऱ्याच चाचण्यांत रोज ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे दिला होता. फायदा दिसला तो मुख्यतः वाचलेलं, ऐकलेलं नंतर आठवण्यात, आणि तोही माफकच.

बाटलीवरचं शास्त्रीय नाव वाचा. बकोपा मोनिएरी म्हणजे ब्राह्मी. सेंटेला एशियाटिका म्हणजे मंडूकपर्णी. दोन्ही ‘ब्राह्मी’ म्हणूनच खपतात. मीही सुरुवातीला फसलो होतो! उपाशीपोटी घेतली तर मळमळते, पोट बिघडतं, जेवणानंतरच घ्या.

गिंको या झाडाच्या पानांचा अर्कही स्मरणशक्तीसाठी विकतात, त्याच्या मागे लागू नका. २००८ साली अमेरिकेत तीन हजारांवर वृद्धांवर झालेल्या मोठ्या चाचणीत स्मृतिभ्रंश टळला नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वेगळाच. अश्वगंधेचं म्हणाल तर थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ती परस्पर घेऊ नये.

आणि हो, विसरभोळेपणा अलीकडेच वाढला असेल तर आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. झोप किती होते तेही बघा. बी-१२ कमी असेल तर ब्राह्मी काय करणार?