पेठ नाक्याला काढलेल्या चपला

सांगली,
रविवार, दुपार

पोरी,

काल फोन तू माझ्या पुतण्याला दाखवत होतीस. व्हिसाचे फोटो काढून झाले होते, प्रिंट निघायला वेळ होता, आणि हिंज नावाच्या त्या जोडीदार शोधायच्या ॲपवरच्या तुझ्या सहा फोटोंतला कुठला पुढे ठेवू एवढंच तुला त्याला विचारायचं होतं. मध्ये नाक खुपसलं ते मी. चष्मा कपाळावरून खाली ओढून फोटोखालचं वाचलं. ‘साधेसुधे आनंद’ असं काहीतरी त्या हिंजवर विचारलेलं आणि तू इंग्रजीत उत्तर दिलेलं. कॉफी, पाऊस, सूर्यास्त, लाँग ड्राइव्ह.

“हे कुणाचं आहे?” मी विचारलं.

“माझंच, काका.”

तुझं तोंड उतरलं ते मला दिसलं. मग दारात सँडलचा पट्टा लावता लावता तू म्हणालीस, “खरं सांगू? स्वारगेटहून येताना गाडी पेठ नाक्याला हायवे सोडते ना, तेव्हा मी चपला काढून पाय सीटवर घेते. दर वेळी. पण हे काय लिहायचं? गावठी वाटतं. हसतील लोक.” आणि फोटोचं पाकीट न घेताच गेलीस. म्हणून हे पत्र पाकिटातच घालून ठेवतोय.

कुणी बघत नसताना जे करतेस, तेच लिही. मला सांगायचंय ते एवढंच. पुढचं सगळं माझं पुराण आहे, तेही वाच. फुकटचा सल्ला आहे, फोटोचे पैसे वेगळे.

मला त्या चार शब्दांचा राग का आला, तर तसले शब्द मी स्वतः आयुष्यभर विकलेत. 1988 पासून मी स्थळाचे फोटो काढतोय. मागे निळा पडदा, शेजारी कुंडी, मुलीची मान जरा डावीकडे. पुढं संगणक आला, मराठी टाइप करायची श्रीलिपी आली, तेव्हा फोटोबरोबर बायोडाटाही करून द्यायला लागलो. वर गणपती, मग नाव, जन्मवेळ, रास, गण, नाडी, उंची, मामाचं कूळ. इथवर सगळं धडाधड व्हायचं. सगळ्यात खाली ‘छंद’. तिथं आलं की गाडी अडायची. बाप मुलाकडे बघायचा, मुलगा पंख्याकडे. दुकानात गिऱ्हाईक ताटकळलेलं. मग मीच म्हणायचो, “वाचन, प्रवास, संगीत टाकतो.” “टाका, टाका,” असं सुटल्यासारखं म्हणायचे बिचारे. किती जणांना चिकटवलं ते, मोजलं नाही. माझ्या दुकानातून बायोडाटा नेलेली दोन घरं एकमेकांकडे बघायला गेली, तर पत्रिकेआधी छंद जुळायचे.

एकदा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला एक मुलगा आला होता. छंदापाशी आल्यावर तो अडला नाही. म्हणाला, “भोपळा वाळला की त्याच्यावर बोटानं टिचकी मारतो. कुठला चांगला बोलणार ते तेव्हाच कळतं. काम नसलं तरी मी माळ्यावर जाऊन मारत बसतो.” सांगताना त्यानं माझ्या काउंटरवर टिचकी मारून दाखवली, कान तिरका करून. आणि मी काय टाइप केलं? ‘संगीत’. तोही काही बोलला नाही, छापील कागद घेऊन गेला. पुढं त्याचं काय झालं मला ठाऊक नाही, पण ती टिचकी अजून ऐकू येते.

तुमचं कॉफी-पाऊस-सूर्यास्त म्हणजे आमचंच वाचन-प्रवास-संगीत आहे, पोरी. फक्त वर गणपती नाही.

आणि पाऊस? सांगलीच्या मुलीनं नुसता ‘पाऊस’ लिहावा? आजी गावभागात राहते ना तुझी? आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, हे आकडे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाढ्यासारखे पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 च्या वर गेलं. 2005 च्या पुरातून वाचवलेली माझी निगेटिव्हची खोकी त्या वेळी बुडाली. निगेटिव्हवरचं जिलेटिन पाण्यात फुगतं, मऊ होतं आणि एकावर एक चिकटून बसतं. वाळल्यावर सोडवायला गेलो, तर एका नवरीचा चेहरा भलत्याच कुणाच्या खांद्यावर निघून आला. मग पाऊस आवडतो म्हणूच नये का? म्हण की! पण तुझा पाऊस कुठला ते सांग. तुझी आई सांगत होती, पाणी उतरल्यावर आजीच्या घरातला गाळ उपसून तुम्ही सगळी भावंडं चिखलाच्या पायांनी जिन्यावर बसलात आणि परातभर भडंग कांदा चिरून संपवलंत. त्या जिन्यावरचा पाऊस लिही. कॅलेंडरवरचा नको. हळदीला बघ, 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते ‘सांगलीची हळद’ म्हणून. मुळाला गाव आहे आणि तुला नाही?

हसतील म्हणतेस. हसू देत. जो हसून पुढं जाईल, तो पुढं जायलाच हवा होता. तो लग्नानंतर हसला असता तर? पुतण्यानं मला सगळं नीट दाखवलं. एका उत्तराला 150 अक्षरं, अशी तीन उत्तरं. समोरच्याला तुझ्या एखाद्या फोटोवर किंवा एखाद्या उत्तरावरच बोट ठेवून लाइक करता येतं आणि सोबत दोन शब्द लिहिता येतात. बरं, मग ‘कॉफी’वर बोट ठेवून कुणी काय लिहावं? ‘मलाही.’ झालं, संपलं बोलणं. चपलांवर मात्र विचारण्यासारखं आहे. पेठलाच का? पुढं इस्लामपूर, आष्टा, तासभर तरी राहतो की. शेजारची बाई काही बोलत नाही का? माझ्यासारखा माणूससुद्धा काल रात्री आडवा झाल्यावर विचार करत होता की ही नेमकं तिथंच पाय वर का घेते. हायवे सुटला की पुणं सुटतं म्हणून असेल. की गाडीचा वेग कमी होतो म्हणून? मला सांगू नकोस. त्याला विचारू दे, जो कोण असेल त्याला.

पण म्हणून त्याला झिलई चढवू नकोस. ‘पेठ नाक्यावर मी स्वतःला भेटते’ असलं काही लिहिलंस तर फोटोचे दुप्पट पैसे घेईन. नाका, चपला, पाय. बास. ‘आवडतं’ हा शब्दही काढून टाक, आपोआप कळतं ते. आणि तीन-चार गोष्टींची माळ नको, एका उत्तरात एकच. लिहून झालं की तुझ्या मावसबहिणीला वाचून दाखव. ती “किती छान” म्हणाली तर खोड. “हो ग, तू असंच करतेस” म्हणाली तर ठेव.

दुसरं टोकही सांगून ठेवतो, कारण तुम्हा लोकांना साधेपणाची हौससुद्धा फोटोपुरती असते. आमच्याकडे आता पोरं येतात, टपरीवरचा चहा हातात घेऊन फोटो काढायला. कुल्हड शोधत हिंडतात आधी. चहा थंड होतो, कुणी पीत नाही. त्यांचंही खोटंच, फक्त स्वस्तातलं. कुणी बघत नसताना जे करतेस, असं मी म्हणतोय. कुणी बघावं म्हणून साधं राहायला सांगत नाहीये.

आणि हो, नाका लिही, पण गाडीची वेळ लिहू नकोस. शुक्रवारी संध्याकाळी कितीची गाडी, सांगलीत कुठल्या थांब्यावर उतरतेस, घरापाशी कुठलं देऊळ, कंपनीचं नाव, यातलं काहीही नाही. हे काही मला सांगायला नको, तू हुशार आहेस. तरी सांगितलं.

आता तू मनात म्हणत असशील, काकांना एवढं का लागलंय. सांगतो.

1991 साली मी दिग्रजला मुलगी बघायला गेलो. पोहे खाऊन झाले, आणि तिनं धीर करून विचारलं, “तुम्हाला काय आवडतं?” त्या काळात मुलीनं विचारणं म्हणजे मोठीच गोष्ट होती. मी म्हणालो, “वाचन.” वाचायचो काय, तर पेपर, तोही शब्दकोड्यासाठी. खरं काय आवडायचं? डार्करूम. रात्री दुकान बंद झालं की दार आतून लावायचं, लाल दिवा लावायचा, एनलार्जरखालून ब्रोमाइडचा कागद काढून डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडायचा. पंधरा-वीस सेकंद काहीच होत नाही. नुसता कोरा कागद, हाताला रसायनाचा गुळगुळीतपणा. मग कुठंतरी काळं धरायला लागतं. आधी केस, मग डोळ्यांची बुबुळं. गालाचा रंग सगळ्यात शेवटी. हजारो वेळा पाहिलं असेल, तरी प्रत्येक वेळी श्वास रोखलेला असायचा. हे सांगायला मला लाज वाटली. मुलगी बघायला गेलेला माणूस रसायनाबद्दल काय बोलणार?

लग्न झालं. मी रात्री दहा-दहापर्यंत आत. 2006 च्या सुमारास सगळं डिजिटल झालं, ट्रे गुंडाळून माळ्यावर टाकले. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, “बरं झालं. आता तरी घरात मन लागेल.” पंधरा वर्षं तिला वाटत होतं की मी तिला टाळायला आत बसतो. मी म्हणालो, “तसं काही नव्हतं.” एवढंच म्हणालो. डार्करूममध्ये एक स्टूल होतं. अजून एक आरामात मावलं असतं.

तिच्या बायोडाटात काय होतं माहितीये? तो तिच्या वडिलांनी हातानं लिहिलेला होता. ‘विणकाम, भरतकाम.’ पंचवीस वर्षांत शर्टाचं बटण लावण्यापलीकडे तिच्या हातात सुई पाहिली नाही. 2016 ला ती गेली. दिवसांना तिची वहिनी आली होती, ती सहज बोलून गेली, “दरसाल म्हणायची, एकदा हळद शिजवताना यायचंय. लहानपणी पहाटे काहिलीपाशी बसायची. हळदीच्या वाफेनं अंगभर वास भरायचा, आरातली रताळी काढून फुंकून फुंकून खायची. लग्नानंतर एकदाही जमलं नाही बघा.” आयर्विन ओलांडला की अर्ध्या तासावर दिग्रज. तुझी पेठहून येणारी गाडी तिथूनच येते, ज्या वेळी तू पाय वर घेऊन बसलेली असतेस.

आता न्यायच म्हणशील तर हळद शिजते ती लग्नसराईत. फेब्रुवारीत फोटोवाल्यानं दुकान बंद ठेवून रताळी खायला जायचं का? घर त्या दोन महिन्यांवर चालायचं, मुलाची इंजिनिअरिंगची फी त्यातूनच गेली. मी काही वाईट नवरा नव्हतो. हात उगारला नाही, पैसा उडवला नाही, तिच्या माहेरच्या कुठल्या कार्याला नाही म्हणालो नाही. आणि तिनं तरी कधी सांगितलं का? मी विचारलं नाही हे खरं. पण तिनंही...

राहू दे. ती सांगत होतीच, दरसाल. मला सांगत नव्हती, वहिनीला सांगत होती. मी ‘वाचन’वाला माणूस, मला हळदीच्या वाफेचं काय कळणार, असं वाटलं असेल तिला. मी आधी खरं बोललो असतो तर तिला बोलायला जागा झाली असती, असं मला आता वाटतं. तूसुद्धा चपला लिहिल्यास तर समोरचा त्याचं काहीतरी काढेल. कॉफी लिहिलीस तर तोही कॉफीच काढणार. म्हणून डोकं खातोय तुझं. कुणी बघत नसताना जे करतेस, ते लिही म्हणून.

पुतण्या मघाशी चिडवत होता, “काका, एवढं बोलताय तर तुम्हीच लिहून दाखवा 150 अक्षरांत.” बिलबुकाच्या मागच्या पानावर बसून लिहिलं. चार वेळा खोडलं, एकदा ‘वाचन’सुद्धा लिहून झालं, सवय जात नाही. शेवटी हे राहिलं :

‘लाल दिवा. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कोरा कागद हलवत राहायचं. आधी केस येतात, मग डोळे. शेजारी अजून एक स्टूल मावतं.’

त्यानं मोजलं. बसलं म्हणाला, उलट जागा उरली.

तुझं पाकीट काउंटरच्या डाव्या खणात आहे. सोमवारी दुकान बंद असतं, मंगळवारी दहानंतर ये.

तुझे,
फोटोवाले काका